थर्झा हेबडिचचे दोन ॲप्रन

डेस्मंड क्रीडीने नियम एकच केला होता आणि तो गावच्या हॉलमधल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता : ज्याच्या दारावर पाटी होती, ते दुकान. पाटी नाही तर नकाशावर जागा नाही. कोणी वाद घालायला लागलं की तो तोंडाने काही बोलत नसे, नुसती खडूने त्या ओळीवर टकटक करी. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण जन्मभर बापाचं मटणाचं दुकान चालवल्यामुळे सगळं आकड्यांना टांगून ओळीत ठेवायची सवय लागली होती, माणसंसुद्धा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडातलं नेदरविक गाव कसं होतं त्याचा नकाशा काढायची कल्पना जॅनिसची. जॅनिस चित्रकार, गावात येऊन तिला जेमतेम चार वर्षं झाली होती. ती राहत होती जुन्या लोहाराच्या जागेत, त्यामुळे रोज कोणी ना कोणी म्हातारं दारात उभं राहून ऐरण कुठे होती ते तिला सांगून जाई. प्रत्येकाची ऐरण वेगळ्या कोपऱ्यात. शेवटी ती म्हणाली, सगळे मिळून एकदाच काय ते सांगा, मी काढते. तेव्हापासून हा तिसरा शनिवार. दोन टेबलं जोडून वर चादरीएवढा कागद पसरला होता आणि त्यावर पेन्सिलीने हाय स्ट्रीट उभा राहिला होता. आज चहा झाल्यावर पेन्सिलीवर शाई चढणार होती. सोमवारी कागद काचेखाली जाणार. आज जे राहिलं ते कायमचं राहिलं.

ऑलिव्ह हेबडिच तिन्ही शनिवार आली होती आणि तिन्ही शनिवार काही न बोलता बसली होती. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. 'माझ्या आईचं नावही घाला.' घरी भांडी घासताना ते तिने पन्नासदा म्हणून पाहिलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई, शेकडो पोरांना दटावून कोबी खायला लावलेली, पण स्वतःच्या घरच्या माणसाबद्दल चार लोकांत बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटे. आता तिला सत्त्याहत्तरावं लागणार होतं. आईबद्दल सांगू शकेल असं घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आणि बोलायला फट तरी कुठे होती? जो तो आपापल्या दुकानात शिरून बसलेला. डोरीन लवरिज किराणा दुकानदाराची मुलगी, तिने वडिलांचं सगळं दुकान टेबलावर मांडलं होतं.

"चहाचे डबे डावीकडे, जॅनिस. अगं, डावीकडे! उजवीकडे खारवलेलं मांस कापायचं यंत्र. बाबा त्याचं चाक फिरवायचे ना, तर आवाजावरून आईला माडीवर कळायचं, गिऱ्हाईक कोण आलंय ते. प्रत्येकाची जाडी बाबांना तोंडपाठ. डॉक्टरांना पातळ, पाद्र्यांना त्याहून पातळ—"

"कारण पाद्री दर रविवारी बोलायचे तुझ्या बाबांच्या वजनकाट्याबद्दल," चहाच्या बंबाजवळून मॉरिस पिटमन म्हणाला.

"तू चहा ओत, मॉरिस. पाणचट झाला तर तुझ्या डोक्यावर ओतीन."

डोरीनचं अतिशयोक्तीचं माप मोठं होतं, पण ती खोटं बोलत नव्हती. ती माणसं होतीच तशी. खोगीर शिवणारे टॉमस व्हौल्स एका डोळ्याने अधू होते, पण घोडा एकदा दारावरून चालत गेला की त्याच्या पाठीचं माप त्यांच्या बोटांत बसे. घोड्याला हात लावावा लागत नसे. मिस गूल म्हणून दोघी बहिणी टोप्या शिवत. आवडली नाही तर त्या टोपी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून काढून घेत आणि विकायला नकार देत, मग समोर उमरावाची बायको का असेना. बेकरीवाल्याने पहाटे भट्टीची दारं उघडली की हाय स्ट्रीटवरची मांजरं त्याच्या भिंतीला पाठ लावून बसत. आता काडेपेटी हवी असली तरी बसने सात मैल जावं लागत होतं, आणि बस मंगळवारी आणि शुक्रवारी. ऑलिव्हला हे सगळं ऐकताना मनापासून आवडत होतं. या माणसांनी तिला मोठं केलं होतं. तिला कोणाचीही एक फूट जागा कमी करायची नव्हती, फक्त मध्ये एक बोटभर हवी होती.

शेवटी वाक्य तोंडातून निघालं तेही नको त्या वेळी. जॅनिसने शाईची बाटली उघडली, आणि ते झाकण फिरल्याचा आवाज ऐकून ऑलिव्ह एकदम म्हणाली, "आईचं राहिलं."

सगळे तिच्याकडे वळले.

"कोणाच्या आईचं?" डेस्मंडने विचारलं.

"माझ्या. थर्झा हेबडिच." ऑलिव्हचे कान लाल झाले होते. "तिचं नाव घालायला हवं. तीही... तीही काम करायचीच की गावात."

जॅनिसने पेन खाली ठेवलं. "कसलं काम करायच्या त्या, हेबडिचबाई?"

ऑलिव्हने उत्तर द्यायच्या आत डोरीनने टेबलावर थाप मारली. "अगो बाई! थर्झामावशी! आपण विसरलोच कसे? जॅनिस, अगं गावात पोर जन्माला यायचं ते थर्झामावशीच्या हातात, आणि माणूस गेलं की त्याला आंघोळ घालून, कपडे करून निजवायचीही तीच. सुताराने शवपेटी आणायची ती तिचं झाल्यावर. तिचे दोन ॲप्रन होते. बाळंतिणीकडे जाताना पांढराशुभ्र, मेलेल्याकडे जाताना निळ्या पट्ट्यांचा. हातावर घडी घालून घेऊन निघायची, आणि अख्खा रस्ता आधी तिच्या हाताकडे बघायचा, मग तोंडाकडे."

"आणि पट्ट्यांचा दिसला की पडदे खाली," मॉरिस म्हणाला.

"तेच सांगतेय ना! पडदे खाली. मेलेल्या माणसाच्या रस्त्यावर उघडी खिडकी ठेवायची नाही म्हणजे नाही. तर बत्तीस साली काय झालं, पांढरा ॲप्रन उकळून दोरीवर टाकलेला, ओलाचिंब. आणि पिटमनांकडून निरोप आला, की बाई अडलीय, लवकर या. थर्झामावशी काय थांबते? घेतला पट्ट्यांचा आणि निघाली. सकाळचे दहा वाजलेले, सगळा रस्ता दारात. आणि वळली कुठे? आमच्या गल्लीत. पिटमन आमच्या मागेच राहायचे. आणि माझे बाबा तीन दिवस कंबर धरून माडीवर झोपलेले, हे गावाला ठाऊक."

जॅनिसच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"फटाफट पडदे! बेकरीवाल्याने फळ्या अर्ध्या लावल्या. बाबा उठून खिडकीशी आले, बघतात तर काय, सगळा रस्ता झाकलेला. बिचाऱ्यांनी डोक्यावरची रात्रीची टोपी काढली, मान खाली घातली, आणि आईला म्हणाले, 'बघ गं खाली जाऊन, कोण गेलं बिचारं?' आई खाली गेली. दारात पाद्र्यांची बायको, हातात दुःखाच्या घरी द्यायचा हॅम, डोळ्यांत पाणी. आई वर आली ती भिंतीला धरून हसत. म्हणाली, 'तुम्हीच गेलात.'"

हॉलमध्ये हशा उसळला.

"बाबांना राग मेल्याचा नाही आला," डोरीन डोळे पुसत म्हणाली. "हॅम बघून आला. म्हणे, 'हा माझ्याच दुकानातला, आणि कापलाय बघ कसा, कुऱ्हाडीने!'"

"आणि तिकडे मी जन्माला आलो," मॉरिस म्हणाला. "मेलेल्यांच्या ॲप्रनवर. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, म्हणूनच हा असा थंड."

ऑलिव्हही हसली. ही गोष्ट तिने हजारदा ऐकली होती आणि तरी ती हसली. पण हसू ओसरलं तेव्हा डेस्मंड खडू घेऊन फळ्याजवळ उभा होता.

"गोष्ट झकास आहे," तो म्हणाला. "पण दुकान नाही. दारावर पाटी होती का, ऑलिव्ह?"

"नव्हती."

"ठरलेला दर?"

"कोणी अंडी द्यायचं, कोणी कोबी. कोणी काहीच नाही."

"बघ, मग ते शेजारधर्मात गेलं. शेजारधर्म नकाशावर घ्यायचा तर माझ्या आत्याने आजाऱ्यांना पोचवलेलं सूपही घ्यावं लागेल. कुठेतरी रेघ मारावी लागते गं." तो दुष्ट नव्हता. रेघ मारणारी माणसं बहुतेक दुष्ट नसतातच, त्यांना फक्त रेघ आवडते. "बरं, असं कर. ती नक्की काय करायची ते सांग. कोणाकोणाकडे गेली, काय काय पाहिलं. दोन-चार घरांचं सांगितलंस तर खाली समासात तरी टाकू. नुसती ॲप्रनची गंमत कशी लिहायची?"

आता सगळे ऑलिव्हच्या तोंडाकडे बघत होते. सांगण्यासारखं तिच्याकडे एक होतं, आणि तेच नेमकं सांगता येत नव्हतं.

एकोणीसशे अडतीसच्या मार्चमध्ये डेस्मंडची आई गेली. ऑलिव्ह तेव्हा सोळा वर्षांची. त्यानंतर लागोपाठ तीन शनिवारी हॅरॉल्ड क्रीडी, डेस्मंडचे वडील, उभा बैल एका घावात पाडणारा माणूस, हेबडिचांच्या मागच्या दाराने आत आला, स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. स्वतःच्या घरात त्याला रडता येत नव्हतं. थर्झाने त्याचं सांत्वन वगैरे काही केलं नाही. बटाटे सोलत बसली. त्याचं रडून झालं की त्याला चहा दिला. चहा ऑलिव्हनेच केला होता. तो गेल्यावर थर्झा मुलीला म्हणाली होती, "आज आपल्याकडे कोणी आलं नव्हतं." बस, तेवढंच. थर्झाचा स्वभाव कडक, घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि त्या शब्दाला साठ वर्षं झाली तरी ऑलिव्हने धक्का लावला नव्हता.

आज लावला असता तर डेस्मंडच्या हातातला खडू गळून पडला असता. आईला नकाशावर जागा मिळाली असती. आणि आई आयुष्यभर जे करत आली ते त्याच क्षणी मातीत गेलं असतं.

"नाही सांगता येणार," ऑलिव्ह म्हणाली.

"आठवत नाही?"

"आठवतंय. आई लोकांच्या घरातलं बाहेर सांगायची नाही. मीही नाही सांगणार." ती उठली आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला. बाही सापडेना. "राहू दे, डेस्मंड. तुझा नियम बरोबर आहे. पाटी नव्हतीच."

तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःचा. तीन शनिवार वाक्य घोकलं आणि शेवटी आपल्याच हाताने आईला बाहेर ठेवलं. डोरीन "अगं बस गं" म्हणत होती, मॉरिस कपबशी घेऊन मधेच उभा राहिला होता. ऑलिव्ह दारापर्यंत पोचली.

"थांब," डेस्मंड म्हणाला.

तो फळ्याजवळून हलला नव्हता. त्याने खडू दोन बोटांत फिरवला, मग खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. या माणसाला काय करावं ते सुचत नाही असं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

"तिने तुलाही नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"माझं."

"तुझं काहीच नाही," ऑलिव्ह म्हणाली, आणि हे अगदी खरं होतं.

डेस्मंड खुर्चीवर बसला. बोलायला लागला तो ऑलिव्हशीही नाही, टेबलाशी. "आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मी पळून गेलो. मांस टांगायच्या खोलीत जाऊन बसलो, दोन मेंढ्यांच्या मधे. थंडी इतकी, की दात वाजत होते. आणि मी... मला पँटमध्ये झालं होतं. खाटकाचा पोरगा, आणि मेलेल्या माणसाला भ्यायलेला. बाबांना कळलं असतं तर, शाळेत कळलं असतं तर... तुम्हाला ठाऊक आहे शाळा कशी होती."

कोणी हसलं नाही. डोरीनसुद्धा नाही.

"थर्झामावशीने मला शोधून काढलं. ओरडली नाही. एक शब्द विचारला नाही. मला मोरीत नेलं, धुतलं, माझी दुसरी पँट कुठे असते हे तिला कसं माहीत देव जाणे, ती चढवली. मग म्हणाली, 'चल वर, मला एकटीला आवरत नाहीये.' आणि माझ्या हातात कंगवा दिला. म्हणाली, 'पुढचे केस तू विंचर, तुला माहितीये आई भांग कुठे पाडायची ते. मागचे मी बघते.' मी विंचरले. भांग डावीकडून पाडला. तिने मान हलवली, अगदी एखाद्या कारागिराने दुसऱ्याकडे बघून हलवावी तशी. खाली आलो तेव्हा मी भीत नव्हतो." त्याने नाक शिंकरलं. "साठ वर्षं, ऑलिव्ह. साठ वर्षं मी वाट बघतोय, कोण मला चिडवतंय. दारू पिऊन कोण बोलून जातंय. एकानेही तो विषय नाही काढला. मला वाटायचं, निदान तुला तरी सांगितलं असेल, म्हणूनच तू तीन शनिवार नुसती बघत बसतेस माझ्याकडे."

"मी तुझ्याकडे नव्हते बघत. फळ्याकडे बघत होते," ऑलिव्ह म्हणाली.

"हो का." तो उठला. बाहीने फळ्यावरची ओळ पुसायला गेला, अर्धवटच पुसली गेली. मग टेबलाशी येऊन त्याने जॅनिसच्या पेन्सिलीने काढलेल्या आपल्या दुकानावर बोट ठेवलं. "इथे. पाटीच्या वर माडीची खिडकी आहे ना, तिच्यात. बारीक काहीतरी काढ. ठिपका काढ."

"निळा चालेल?" जॅनिसने हळूच विचारलं.

"चालेल."

मग मॉरिसने बंब बंद केला आणि येऊन पिटमनांच्या घरावर बोट ठेवलं. डोरीनने आजीची खोली दाखवली, आणि मग धाकट्या भावाची, जो दोन दिवस जगला होता. त्याच्याबद्दल ती कधी बोलत नसे. मागे बसलेले एकेक करून पुढे आले. कोणी काही लांबलचक सांगितलं नाही. "इथे, मागची खोली." "इथे दोनदा." जॅनिस ठिपके काढत राहिली. दारांवर पाट्या असलेली चौदा दुकानं आणि त्यांच्या मागची सगळी घरं हळूहळू निळी होत गेली. व्हौल्स खोगीरवाले, मिस गूल दोघी, बेकरीवाला, एकजण सुटला नाही. ऑलिव्ह कोट अर्धा घालून उभी होती. एवढी घरं तिलाही माहीत नव्हती.

एक घर मात्र कोरं राहिलं. चर्चच्या मागचं, शेवटचं. जॅनिसने पेन त्याच्यावर धरलं.

"हे तुमचं ना, हेबडिचबाई? थर्झाबाई गेल्या तेव्हा त्यांचं सगळं कोणी केलं?"

ऑलिव्हच्या लक्षात आलं, की हे सांगायला हरकत नाही. हे तिचंच घर होतं.

"मी," ती म्हणाली. "एकसष्ट साली. तोवर शहरातून गाडी घेऊन माणसं यायला लागली होती, काळे कोट घातलेली. आली होती दारात. मी म्हटलं, थांबा बाहेर. गावात सगळ्यांचं करायला आई होती. आईचं करायला कोणी नव्हतं उरलं."

"जमलं तुला?" डेस्मंडने विचारलं. साठ वर्षांत पहिल्यांदाच तो तिला काहीतरी खरोखर विचारत होता.

"कशाचं जमतंय! पाणी सांडलं, साबण पलंगाखाली गेला. पण ती मेलेल्यांशी बोलायची, ते मला ठाऊक होतं. म्हणून मीही बोलत राहिले. म्हटलं, आई, उजवा हात वर कर. आता कुशीवर हो. आता डोळे मीट." ऑलिव्हचा आवाज फाटला, पण ती हसत होती. "आणि सांगते तुम्हाला, चाळीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझं ऐकलं."